दुखणे एक, मुळे अनेक

जनवाड्यास आमच्या घरी कोणी गुडघा धरला की सगळे एकच नाव घेत, ‘वात’! आत्याबाईंचा सांधा वयाने झिजलेला, काकांचा पडल्याने दुखावलेला. शेक मात्र दोघांना निर्गुडीचाच.

वैद्यकशास्त्र आता या झिजेचे प्रकार निरनिराळे करू पाहत आहे : वयाची, इजेची, स्थूलतेची, आनुवंशिक. या भेदाचे मोल आपल्याच कर्नाटकातील हंदिगोडूने दाखविले. शिवमोग्गा जिल्ह्यातील या गावी १९७५ च्या सुमारास तरुणांचेही खुबे झिजत असल्याचे आढळले. प्रथम संशय भातशेतातील खेकड्यांवर व कीटकनाशकांवर गेला. पुढे विकार आनुवंशिक ठरला आणि त्यातही तीन प्रकार निघाले.

वेदना सर्वांची सारखीच. परंतु मूळ ओळखल्यावाचून उपाय कोठे शोधावा?