ओळखीचा चोर

ओळखीचा चोर जीवे न सोडी. आठ दिवस झाले, ही म्हण डोक्यातून जात नाही. आई ती अशा सुरात म्हणायची की जणू चूक चोराची नाहीच, ओळखणाऱ्याची आहे. आणि नीट पाहिलं तर म्हणही तेच सांगते. चोर अंधारात आला, भांडी घेऊन गेला, तर भांडी गेली. पण तुम्ही अंथरुणातून ‘कोण, तू का रे?’ म्हणालात की जीव गेला. मग सरकार आपल्याला ओळखू पाहतं तेव्हा या म्हणीत ते कुठं बसतं आणि आपण कुठं? कधी वाटतं चोर आपणच. नाहीतर प्रत्येक खिडकीवर असं खाली मान घालून का उभं राहतो? कधी वाटतं उलट. दोन्हीकडून लावून पाहिली, कुठूनच पुरती बसत नाही.

आमच्या नेकनूरात ‘आधार असावं का?’ असं कुणी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. ‘कुठं काढून देतेत?’ एवढंच विचारायचे. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबारच्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. त्याचा कायदा झाला २०१६ साली. आधी वरात, मग साखरपुडा. तिकडं इंग्लंडात २०१० सालीच नव्या सरकारनं ओळखपत्राचा कायदा रद्द केला आणि पुढच्या वर्षी जमवलेल्या माहितीच्या डिस्कचा अक्षरशः भुगा केला. वाचून हेवा वाटला. मग ऊसतोडीला जाणारी माणसं आठवली आणि हेवा ओसरला.

आमच्याकडं नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. दोन माणसं, दोन नावं, पण मुकादमाच्या वहीत मोजणी एकाची. दसरा-दिवाळीच्या मागंपुढं उचल घेऊन निघायचं, आणि हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत परमुलखात त्यांना ओळखणारा तोच एक. (म्हणीतला चोर हाच तर नव्हे?) अशा माणसाला परगावी रेशन देऊ शकणारा नंबर नको म्हणायला मी कोण, महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा?

पण कोयता धरून धरून अंगठ्याच्या रेषाच झिजलेल्या. रेशनच्या मशीनवर अंगठा येत नाही. पुसतात, धुतात, केसांवरून फिरवतात, पुन्हा टेकवतात. न शिकलेल्याला आम्ही अंगठेबहाद्दर म्हणून हसायचो, आता एम. ए. झालेलाही अंगठा पुढं करून उभा असतो. २०१८ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं बँकेच्या खात्याला आणि मोबाईलच्या सिमला आधारची सक्ती नको म्हटलं, सरकारी लाभासाठी मात्र ते चालेल म्हटलं. मला मोकळीक मिळाली. अंगठा न येणारा रांगेतच राहिला.

आमच्या अण्णांच्या आधारवर जन्मतारीख १ जून. चुलत्याची १ जून, गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांची १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलं. अण्णांना त्याचं काही वाटत नाही. बैलाला कुठं तारीख असते, म्हणतात.

खरंच, बाजारात बैलाला कुणी तारीख विचारत नव्हतं. तोंड उघडून दात बघायचे: दोन दाती, चार दाती, जुळलेला. चालवून बघायचा, खांदा चाचपायचा. भाव रुमालाखाली, बोटांच्या पेरांवर; शेजारी उभ्या माणसालाही पत्ता लागायचा नाही. एवढा गुपचूप व्यवहार, आणि तरी विश्वासाचा. निदान अण्णा तसं सांगतात; फसल्याच्या गोष्टीही तेच सांगतात. आता बैलाच्या कानात पिवळा बिल्ला असतो. त्यावरही आकडे बाराच. बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री नाही, असा नियम राज्यात लागू झाला तो २०२४ च्या १ जूनपासून. म्हणजे बैलही शेवटी आमच्याच गुरुजींच्या हजेरीपटावर आले.

चोरीचं जनावर बिल्ल्यावरून सापडतं, असं मी अण्णांना समजावत होतो. ते म्हणाले, “चोर काय येडा हाय का? आधी कान कापंल.” मला उत्तर सुचलं नाही. कान कापलेला बैल म्हणजे ओळख पुसलेला बैल. त्याला कुणी घेणार नाही, हे बरं की वाईट?

मागच्या बाजारात अण्णांसोबत गेलो होतो. एका गिऱ्हाइकानं बैलाचा कान धरला, मोबाईलवर बारा आकडे टाकले, बराच वेळ पडद्याकडं पाहिलं. मग मोबाईल खिशात घातला आणि बैलाचं तोंड उघडलं.