सर्व्हिस पडली, पण कशाने?

आमच्या कंपनीत पायथनमध्ये लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम आहे. ठरलेल्या फोल्डरमध्ये आलेली फाइल उचलायची, तपासायची आणि मुख्य सर्व्हरकडे पाठवायची, एवढंच त्याचं काम. पण कोणी लॉगिन केलेलं असो वा नसो, तो चालूच राहायला हवा. सर्व्हर लिनक्सचे, हिशेब विभागात विंडोज, डिझाइनवाल्यांकडे मॅक आणि फायली साठवायला एक जुनं फ्रीबीएसडी मशीन. या सगळ्यांवर तो सर्व्हिस म्हणून बसवायचं काम माझ्याकडे आलं.

लिनक्सवर सर्व्हिस सांभाळायला सिस्टमडी होतं. २०१५ साली डेबियन ८ मध्ये ते डिफॉल्ट झालं, त्याआधी त्यावरून केवढे वाद झाले होते! मला मात्र दहा-बारा ओळींची एक फाइल लिहून भागलं. अडचण आली ती मशीन रिस्टार्ट केल्यावर. नेटवर्कवरचं फोल्डर जोडलं जायच्या आत प्रोग्रॅम सुरू व्हायचा आणि पडायचा. दहा सेकंदांत पाच वेळा सुरू केल्यावर सिस्टमडी पुढचा प्रयत्नच सोडून देतं, आणि दोन प्रयत्नांमध्ये ते जेमतेम शंभर मिलिसेकंद थांबतं. हे थांबणं ठरवणारं 'रिस्टार्टसेक' दहा सेकंदांवर नेलं आणि प्रश्न मिटला. पडण्याचं कारण कळलं ते सिस्टमडीच्या जर्नलमुळे. 'जर्नलसीटीएल'ला सर्व्हिसचं नाव दिलं की तिचा सगळा लॉग वेळेसकट समोर येतो.

विंडोजवर वेगळीच तऱ्हा. तिथला सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर कोणताही प्रोग्रॅम सर्व्हिस म्हणून चालवत नाही. प्रोग्रॅमला त्याच्याशी ठरलेल्या पद्धतीने बोलता यावं लागतं. साधी स्क्रिप्ट दिली की तीस सेकंद वाट पाहून १०५३ क्रमांकाची एरर येते. मग मध्ये एनएसएसएम हे छोटं साधन बसवलं. सर्व्हिस पडल्यावर काय करायचं ते 'रिकव्हरी' टॅबमध्ये माउसने ठरवता येतं. हिशेब विभागातल्या माणसाला फोनवरून समजावायला यापेक्षा सोपं काही नाही.

मॅकवर या कामाला २००५ पासून लाँचडी आहे. त्याची एक्सएमएल फाइल हाताने लिहिणं कंटाळवाणं. शिवाय आउटपुट कोणत्या फाइलमध्ये जावं हे सांगितलं नाही, तर प्रोग्रॅमने छापलेलं सगळं वाया जातं. पण ठरलेल्या वेळी मॅक स्लीपमध्ये असला, तर राहिलेलं काम तो जागा होताच लाँचडी उरकून घेतं. लॅपटॉपसाठी ही मोठीच सोय.

फ्रीबीएसडीवर 'आरसी डॉट कॉन्फ'मध्ये एक ओळ आणि एक शेल स्क्रिप्ट, की झालं. सगळं उघड, वाचता येण्याजोगं. मात्र पडलेल्या प्रोग्रॅमला आरसी ही तिथली व्यवस्था स्वतःहून उठवत नाही. त्यासाठी 'डीमन' ही कमांड 'आर' पर्यायासकट वापरावी लागते.

सर्व्हिस चालू-बंद करणं यांतल्या प्रत्येकालाच जमतं. ती पडल्यावर कारण किती लवकर सापडतं, यावर मी पसंती ठरवली, आणि त्या बाबतीत सिस्टमडी पुढे आहे. तुम्ही काहीही वापरा, पण सर्व्हिस बसवली की लगेच तिची प्रोसेस 'किल' करून बघा. ती आपोआप उठते का, मशीन रिस्टार्ट केल्यावर येते का आणि पडल्याची नोंद कुठे मिळते, हे तपासल्याशिवाय काम संपलं असं समजू नका.