ड्रम उघडण्याची वेळ

अहिल्यानगरहून कल्याणकडे जाताना माळशेज घाट लागतो. तो उतरणाऱ्या जुन्या प्रीमियर पद्मिनीचा सगळा भरवसा चार झाकलेल्या ड्रमवर असतो. पेडल दाबलं की व्हील सिलिंडर शूंना बाहेर रेटतो आणि लायनर बिडाच्या ड्रमला आतून घासतो. फिरता ड्रम पुढच्या शूला आपल्याकडे ओढूनही घेतो, म्हणून थोड्या जोरात बरंच काम होतं. मात्र उष्णता आत कोंडते. ड्रम तापून प्रसरण पावतो, शूपासून दूर सरतो, आणि ऐन उतारावर पेडल खोल जातं. त्यात ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषत राहतं. डॉट ३ प्रतीचं ऑइल नवं असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळू नये, अशी अट आहे. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. म्हणून ड्रम ब्रेक लक्षणं दिसण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी उघडावा. लक्षणं फसवतात: लायनर झिजला तरी अ‍ॅडजस्टर फिरवला की पेडल पुन्हा वर येतं, आणि सिलिंडरची गळती रबरी टोपणामागे बराच काळ लपून राहते.

‘चालतंय ते कशाला छेडायचं?’ हा गॅरेजमधला सवाल अगदीच पोकळ नाही. घाईने उघडलेल्या ब्रेकमध्ये स्प्रिंगा उलटसुलट बसतात. पण त्यावर उपाय सोपा आहे: एका वेळी एकच बाजू खोलावी, दुसरी नमुन्याला तशीच ठेवावी. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी. खर्च वाचवायला एकाच चाकाचे शू बदलणं मात्र महागात पडतं, कारण दोन बाजूंची पकड वेगळी झाली की गाडी एकीकडे ओढते. लेथवर ड्रम घासून घेतानाही कमाल व्यासाची मर्यादा पाहावी. ती ओलांडलेला ड्रम भंगारातच जायला हवा. ‘मग डिस्कच लावा’ म्हणणाऱ्यांचं पुढच्या चाकांपुरतं खरं आहे. पण मागे ड्रम आजही टिकून आहे, फोक्सवॅगनच्या आयडी.४ या विजेवरच्या गाडीतही तो आहे.

सरकारी तपासणीवरही विसंबता येत नाही. अहिल्यानगर शहराजवळ वाहननगरला डीआरडीओची वाहन संशोधन संस्था आहे. नव्या वाहनांच्या प्रकारांची तपासणी करून त्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांत ती मोडते. मात्र ते प्रमाणपत्र गाडीच्या नमुन्याचं असतं. वीस वर्षं धूळ खाल्लेल्या तिच्या शूंचं नसतं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणाला येते तेव्हा ब्रेक लागतो का हे कळतं, लायनर किती उरलाय हे नाही. ते जाणून घेण्याची जबाबदारी मालकाची, आणि त्यासाठी जॅक लावून चाक काढण्याला पर्याय नाही.