पु. लं.ची पेटी आणि घरातली फीत

पुस्तके आणि रंगमंचावरचे प्रयोग यांच्या कमाईतून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी सढळ हाताने दान केले. पुण्यातले ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली त्यांच्याच देणगीतून उभे राहिले.

पु. लं.च्या घरगुती मैफलींना मात्र तिकीट नसे. डॉ. वसंतराव देशपांडे गात, पु. ल. पेटीवर साथ करत आणि एखादा रसिक टेपरेकॉर्डर सुरू करून ठेवी. वसंतराव १९८३ मध्ये गेले, पु. ल. २००० मध्ये. ते मोकळे गाणे-वाजवणे उरले त्या फितींवरच.

पुणे असो की रायपूरची पुरानी बस्ती, तुमच्या कपाटातही आजीच्या गाण्याची, काकांच्या पेटीची कॅसेट असेल. ती संगणकावर उतरवून घ्या. फितीवर बुरशी दिसली, तर मात्र घरी न लावता जाणकाराकडे न्या.