उमरखेडहून पूर्वसमुद्राकडे

उमरखेडला समुद्र नाही. रेल्वेही अजून आलेली नाही. वर्धा–यवतमाळ–नांदेड लोहमार्गाचे काम चालू आहे, पण आजही गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध मुख्यतः नागपूर–तुळजापूर महामार्गाने जोडलेला आहे. दक्षिणेला पैनगंगा वाहते आणि तिच्या पलीकडे मराठवाडा सुरू होतो. कापूस, सोयाबीन आणि हळद यांच्या उलाढालीवर येथील बाजारपेठ उभी आहे. वऱ्हाडचा कापूस पिढ्यान्‌पिढ्या पश्चिमेला मुंबईच्या बंदराकडे गेला. गावावर पडणारा पाऊस मात्र उलट दिशेने जातो. पैनगंगेतून वर्धा, वर्धेतून प्राणहिता, प्राणहितेतून गोदावरी आणि अखेर बंगालचा उपसागर, असा त्याचा प्रवास. उमरखेडचा माल एका समुद्राकडे आणि पाणी दुसऱ्या समुद्राकडे जात आले आहे.

या दोन्ही समुद्रांना जोडणारा एक प्रवास येथील एका व्यापारी कुटुंबाने ठरवायला घेतला. निमित्त होते आजोबा-आजींच्या विवाहाला ५० वर्षे पूर्ण होण्याचे. आजोबा, आजी, मुलगा, सूनबाई आणि दोन नातवंडे अशी सहा माणसे. नातवाने सुचविले, की या वेळी हॉटेल नको, जहाज घेऊ. तेही मुंबईहून निघून पुन्हा मुंबईलाच येणारे नव्हे, तर हंगाम संपताना पश्चिम किनारा सोडून पूर्व किनाऱ्यावर जाणारे. सर्वांनी होकार दिला. आजी तेवढ्या काही बोलल्या नाहीत.

जहाज आपले ठिकाण का बदलते

प्रवासी जहाजांचे हंगाम असतात. युरोपातील उन्हाळा संपला, की भूमध्य समुद्रातील अनेक जहाजे अटलांटिक ओलांडून कॅरिबियनकडे जातात आणि वसंतात परततात. जहाजाला ठिकाण बदलावेच लागते. मग रिकामे जाण्याऐवजी कंपन्या त्या फेरीचीही तिकिटे विकतात. ही फेरी एकेरी असते, तीत बंदरे कमी आणि अथांग पाण्यावरचे दिवस अधिक असतात. त्यामुळे दर रात्रीमागे भाडे पुष्कळदा नेहमीपेक्षा कमी पडते. ज्याला विश्रांती हवी आणि बंदरोबंदरी खरेदीची घाई नाही, त्याला ती मानवते.

आपल्याकडेही हेच घडते. कॉर्डेलिया कंपनीच्या ‘एम्प्रेस’ या जहाजाने सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून फेऱ्या सुरू केल्या आणि जून २०२२ मध्ये चेन्नईहून. कारण सरळ आहे. जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्र खवळून टाकतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि गेटवे–मांडवा लाँचसेवाही थांबते. त्या वेळी चेन्नईचा किनारा तुलनेने शांत असतो. तेथील मुख्य पाऊस ऑक्टोबरनंतरचा.

परतीची फेरी पावसाळ्यानंतर पडते. पण तोवर चातुर्मास चालू असतो आणि बाजारात नव्या सोयाबीनची आवक सुरू झालेली असते. म्हणून या कुटुंबाने मे महिन्याचीच फेरी पाहायची असे ठरविले. कापसाचा हंगाम आटोपलेला, मुलांच्या शाळांना सुट्टी आणि मृगापूर्वी मुलगा दुकानात हजर. यात एक धोका आहे, तो मोकळेपणाने मान्य करावा. मे महिन्यात अरबी समुद्रात वादळे होऊ शकतात. २०२१ चे तौक्ते वादळ मेमध्येच आले होते. त्यामुळे फेरी रद्द झाल्यास किंवा मार्ग बदलल्यास पैसे कोणत्या अटींवर परत मिळतात, हे तिकिटाच्या आधी वाचायचे असे ठरले.

खोली कोणती घ्यावी

नातवाच्या मनात सर्वांत वरच्या मजल्यावरील मोठा स्वीट होता. बैठकीची वेगळी खोली, रुंद गॅलरी, प्रवेशाला वेगळी रांग. मुलाने पेढीवरच्या सवयीप्रमाणे कागदावर दोन रकाने आखले. जहाजाचे भाडे सहसा दोन माणसांच्या खोलीत माणशी किती, असे सांगितले जाते. बंदराचे शुल्क, सेवाशुल्क आणि जीएसटी वेगळे. त्याच खोलीत तिसरे-चौथे माणूस राहिले, तर त्याचे भाडे बहुधा कमी लागते. म्हणजे जाहिरातीतील आकडा हा हिशेबाचा आरंभ असतो, शेवट नव्हे.

मग प्रश्न आला डोलण्याचा. जहाज तराजूच्या दांडीसारखे असते. टोके अधिक हलतात, मध्य कमी. जितके वर जावे तितके डोलणे वाढते. वरच्या मजल्यावरील महागडा स्वीट दृश्यासाठी उत्तम, पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला खालच्या मजल्यावरील मधली खोली अधिक सुखाची. खोलीच्या वर जलतरण तलाव आणि खाली नाट्यगृह असू नये, नाहीतर रात्री उशिरापर्यंत खुर्च्या ओढल्याचे आवाज किंवा ढोल ऐकू येतात. काही खोल्यांच्या खिडकीसमोर जीवनरक्षक होड्या टांगलेल्या असतात. तिकिटाच्या नकाशावर त्याची खूण असते. ‘खोली क्रमांक नंतर कळवू’ या अटीवरचे तिकीट स्वस्त मिळते, मात्र वृद्धांसाठी ते घेऊ नये.

अखेर एका मोठ्या स्वीटऐवजी मधल्या भागातील शेजारच्या दोन खोल्या ठरल्या. एक गॅलरीची, आजोबा-आजींसाठी. दुसरी चार माणसांची, साध्या खिडकीची. दोन्हींची बेरीज स्वीटपेक्षा कमी भरली. नातू थोडा हिरमुसला, पण गॅलरीत बसायला सर्वांनाच मोकळीक राहील, असे आजोबांनी सांगितल्यावर निवळला.

सूर्यास्ताची बाजू

डावी की उजवी, हा विचार सहसा कोणी करीत नाही. जैन कुटुंबाने तो अवश्य करावा. मुंबईहून दक्षिणेकडे जाताना जहाजाच्या उजव्या हाताला पश्चिम असते. म्हणजे सूर्यास्त उजव्या गॅलरीतून दिसतो. भारत आणि श्रीलंका यांमधील समुद्र रामसेतूजवळ इतका उथळ आहे, की मोठे जहाज तेथून जाऊ शकत नाही. ते श्रीलंकेला पूर्ण वळसा घालते आणि मग उत्तरेकडे वळते. तेथून उजव्या हाताला पूर्व येते. एकाच गॅलरीतून प्रवासाच्या पहिल्या भागात सूर्यास्त आणि दुसऱ्या भागात सूर्योदय. चौविहार आणि नवकारशी पाळणाऱ्याला घड्याळाची गरजच उरत नाही. तोटा एवढाच, की पश्चिम किनाऱ्यावर दुपारचे ऊन त्याच बाजूला येते.

चौविहाराची खरी अडचण वेगळीच आहे. मेच्या अखेरीस मुंबईत सूर्य सातनंतर मावळतो, कोचीजवळ पावणेसातच्या सुमारास आणि चेन्नईत साडेसहाच्या सुमारास. घड्याळातील वेळ सर्वत्र एकच, पण सूर्य रोज थोडा आधी मावळतो. जहाजाचे भोजनगृह मात्र आपल्या ठरलेल्या वेळी उघडते. पहिल्या दिवशी निभावलेली वेळ शेवटच्या दिवशी निभत नाही. म्हणून सूनबाईंनी चौकशीच्या पत्रात चार प्रश्न लिहिले. रोजचे जेवण सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी मिळेल काय? जैन जेवणात कांदा, लसूण, बटाटा नाही हे ठीक; पण गाजर, मुळा आणि ओले आलेही वगळले जाते काय? भांडी व कढई वेगळी असतात काय? उकळलेले पाणी सकाळी खोलीत मिळेल काय? उत्तर लेखीच हवे, असे त्यांनी शेवटी नमूद केले. खोलीत शेगडी किंवा इस्त्री नेता येत नाही आणि घरचे शिजवलेले अन्नही बहुतेक जहाजांवर चालत नाही. बंद पाकिटातील खाकरे चालतील काय, हा पाचवा प्रश्न मागाहून जोडला गेला. समुद्र लागण्यावर लोक ओले आले सुचवितात. या घरात त्याऐवजी सुंठेची पूड बांधून घ्यायचे ठरले.

आजींची मर्यादा

सर्व ठरत आले, तेव्हा आजी बोलल्या. त्यांनी पुष्कळ वर्षांपूर्वी दिग्व्रत घेतले होते. श्रावकाच्या बारा व्रतांपैकी हे एक. प्रत्येक दिशेला आपण कोठवर जाऊ याची मर्यादा माणूस स्वतःच ठरवितो, कारण पाऊल जितके दूर जाते तितका आरंभही वाढतो. आजींची पूर्वेची सीमा सम्मेदशिखर, पश्चिमेची गिरनार आणि दक्षिणेची कन्याकुमारी होती. जहाज श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालणार, म्हणजे कन्याकुमारीच्याही दोन अंशांहून अधिक खाली जाणार.

नातू म्हणाला, “आजी, उत्तरेकडे तुम्ही कुठे जाता? तिकडचं थोडं कमी करा आणि दक्षिणेला जोडा.” आजी हसल्या. “अरे, एका दिशेचं कापून दुसरीला जोडणं हाच तर या व्रताचा दोष सांगितला आहे,” त्या म्हणाल्या. घरात थोडा वेळ कोणी बोलले नाही. मुलाला वाटले, बेतच रद्द करावा. आजींनी त्याला नकार दिला. त्यांच्या व्रतासाठी नातवंडांचा समुद्र बुडावा, हे त्यांना नको होते.

समुद्र जैनांना नवा नाही आणि हा पेचही नवा नाही. १८९३ च्या शिकागो सर्वधर्मपरिषदेचे निमंत्रण आचार्य आत्मारामजींना आले होते. साधूने समुद्रप्रवास करायचा नाही, ही मर्यादा त्यांनी मोडली नाही. त्यांनी वीरचंद राघवजी गांधी या श्रावकाला पाठविले. सोलापूरच्या जैन घराण्यातील वालचंद हिराचंद यांनी सहकाऱ्यांसह ‘लॉयल्टी’ हे जहाज घेतले आणि ते ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. त्या जहाजाचे आधीचे नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. विशाखापट्टणमला त्यांनी जहाजबांधणीचा कारखाना उभारला आणि तेथे बांधलेले ‘जलउषा’ हे जहाज १९४८ मध्ये पाण्यात उतरले. कोणी मर्यादा राखून दुसऱ्याला पाठविले, कोणी स्वतः गेले.

तोड आजोबांनी काढली. वाटेत कोचीला थांबणारी फेरी निवडायची. कोचीपर्यंत सर्वांनी बरोबर जायचे. तेथे आजोबा-आजींनी उतरायचे, मट्टनचेरीच्या धर्मनाथ जिनालयात दर्शन घ्यायचे आणि रात्रीच्या गाडीने चेन्नईला जायचे. जहाज वळसा घालून येईपर्यंत ते तेथे आधीच पोहोचलेले असतील. मात्र मधल्या बंदरात उतरायला कंपनीची लेखी संमती तिकिटाच्या वेळीच घ्यावी लागते आणि फेरीत विदेशी बंदर असेल तर पारपत्राच्या नोंदीही आड येतात. म्हणून केवळ भारतीय बंदरांची फेरी पाहायची असे ठरले. भाडे मात्र पूर्ण प्रवासाचे द्यावे लागेल. मुलाने तो आकडा दुसऱ्या रकान्यात मांडला आणि त्यापुढे काही लिहिले नाही.

परतीचा मार्ग चेन्नईहून रेल्वेने नागपूर आणि तेथून वर्धा, यवतमाळमार्गे घर. जाताना नांदेडहून रात्रीची गाडी मुंबईला. गॅलरीची खोली कोचीनंतर मोकळी होणार, हे नातवाच्या लक्षात आले आणि त्याने ती आपल्या नावावर लिहून घेतली. आजींनी त्याला एकच काम सांगितले. जहाज वळसा घालून उत्तरेला लागेल, त्या पहाटे सूर्य किती वाजता उगवला, हे लिहून आणायचे. चेन्नईला आजी तो कागद मागणार आहेत.