आण्णांचं बूच

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे कळमनुरीला जाऊन आलो आणि आण्णांवर उगाच ओरडून आलो. तेवढं मोकळं करायचंय.

घरावर दोनशे लिटरचा सोलर आहे. जानेवारीत आई-आण्णा आठ दिवस ताईकडे गेले होते. परत येऊन बघतात तर टाकीतून धार लागलेली. मी पोचल्यावर गच्चीवर चढलो. टाकीवरून उभी वर गेलेली उघडी नळी असते ना, तिच्या तोंडात लाकडाचं बूच ठोकलेलं!

"हे कुणी केलं?"

"मी," आण्णा म्हणाले. "रोज दुपारी तिथून पाणी गळायलं होतं. अर्धी बादली वाया जायली रे."

झालं! माझं लेक्चर सुरू. पाणी तापलं की फुगतं. वीस अंशाचं पाणी ऐंशीला गेलं की दोनशे लिटरमागे जवळजवळ साडेपाच लिटर जास्त जागा मागतं. आठ दिवस कुणी नळ सोडला नाही, पाणी तापतच गेलं, वाट बंद. पाणी काही दबत नाही, मग टाकीचा जोड उकलतो. शिवाय हीच नळी हवा आत घेते. ती बंद असताना पाणी ओढलं गेलं तर पातळ टाकी चेपूसुद्धा शकते.

आई शांतपणे म्हणाली, "आपल्या तांब्याच्या बंबाच्या नरसाळ्याला कधी कुणी बूच मारलं का?" आण्णा काहीच बोलले नाहीत.

रात्री जेवताना त्यांनी हळूच विचारलं, "पण मग आधीची तीन वर्षं का नाही गळालं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं!

सकाळी दोघांनी मिळून पाइप तपासले. मागच्या वर्षी दुरुस्तीच्या वेळी कुणीतरी गार पाण्याच्या लाइनवर एकाच दिशेने पाणी सोडणारा व्हॉल्व्ह बसवला होता. गरम पाणी मागे जाऊ नये म्हणून. त्याआधी फुगलेलं पाणी त्याच लाइनने गुपचूप वरच्या हजार लिटरच्या टाकीत परत जायचं, कुणाला कळायचंही नाही. व्हॉल्व्हने ती वाट बंद केली. उरली उभी नळी. एक इंची नळीत मीटरभर उंचीला जेमतेम अर्धा लिटर मावतं. बाकीचं गळणारच. आण्णांना गळती दिसली, कारण मला दिसली नव्हती.

आता नवी टाकी बसलीय. व्हॉल्व्ह काढला, त्याऐवजी लाइनला यू आकाराचा बाक दिला, म्हणजे गरम पाणी सहज वर चढत नाही आणि वाढलेल्याला वाट राहते. उभी नळी वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच आणि उघडी. एक थेंब गळत नाही.

तालुक्यात पैनगंगेवर इसापूरचं धरण आहे, तरी आण्णांचे कितीतरी उन्हाळे घागरी मोजण्यात गेले. अर्धी बादली त्यांना अर्धी बादली दिसते, मला साडेपाच लिटर. त्यांनी विचारलेला प्रश्न मी आधी विचारला असता तर ओरडावं लागलं नसतं. निघताना सॉरी म्हणालो. ते म्हणाले, "बूच काढलंस ना? झालं तर मग."

असो. तुमच्या गच्चीवरची नळी एकदा बघून या. आणि बूच दिसलं तर ठोकणाऱ्याला आधी कारण विचारा. :)