कागदावर नसलेले ऋण

चार्ल्स डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी १८६० च्या डिसेंबरात त्याच्याच साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली आणि पुढल्या ऑगस्टात समाप्त झाली. विद्यार्थिदशेत ती वाचली तेव्हा माझे चित्त मिस हॅविशॅमच्या थांबलेल्या घड्याळांनी आणि जीर्ण वधूवेषाने वेधून घेतले होते. परवा मात्र ती वाचता वाचता मी एका साध्या लोहाराच्या टोपीपाशी थबकलो.

केंट परगण्यातील दलदलीच्या मुलखात बहिणीच्या घरी वाढलेला पोरका पिप, कोणा अज्ञात दात्याच्या द्रव्यावर लंडनमध्ये ‘जंटलमन’ होत असता, त्याच्या बहिणीचा नवरा जो गार्जरी त्याला भेटावयास येतो. पैसे मोजून ही भेट टळती तर आपण ते खुशीने मोजले असते, असे पिप स्वतःच कबूल करतो. जो बिचारा ठेवणीतल्या कपड्यांत अवघडून बसतो, शेकोटीवरच्या फळीच्या कडेला ठेवलेली त्याची टोपी पुन्हा पुन्हा खाली पडते, आणि ज्या पोराला त्याने भट्टीच्या उबेत मायेने वाढविले त्याला तो घटकेत ‘पिप’ म्हणतो, घटकेत ‘सर’. ‘अरे’चे ‘अहो’ होताना काय तुटते, हे मराठी वाचकाला निराळे सांगावे लागत नाही.

मला तर मुळीच नाही. मी मामलेदार कचेरीत अव्वल कारकून झालो त्या वर्षी, ज्यांच्या सुतारकामाच्या कमाईवर माझे शिक्षण झाले ते माझे थोरले चुलते गावाहून आले, आणि शिपायादेखत त्यांनी मला ‘साहेब’ म्हटले. मी ते ऐकून घेतले. दुरुस्त केले नाही.

संपत्ती माणसाला उन्मत्त करते असे आपण म्हणतो. परंतु तिचा खरा अंमल लाजेच्या वाटेने चालतो, हे डिकन्स जाणून होता. १८२४ मध्ये वडील कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात असता बारा वर्षांचा हा मुलगा बूटपॉलिशच्या कारखान्यात बरण्यांवर चिठ्ठ्या डकवीत होता, आणि ही गोष्ट त्याने जन्मभर इतकी जपून झाकली की, फॉर्स्टर या स्नेह्याने लिहिलेल्या चरित्रातून ती त्याच्या निधनानंतरच जगाला कळली.

म्हणूनच या कादंबरीतला जमाखर्च इतका चोख आहे. पिपला नेण्याबद्दल वकील जॅगर्स नुकसानभरपाई देऊ करतो तेव्हा, या पोराची किंमत पैशात होत नाही, म्हणून जो ती संतापून नाकारतो. पिपला ऐश्वर्य देणारा दाता हद्दपारीची सजा भोगलेला मॅग्विच निघतो, आणि त्याची दौलत अखेर सरकारजमा होते. उरते ते एका जवाहिऱ्याचे एकशे तेवीस पौंड, पंधरा शिलिंग, सहा पेन्सांचे देणे. त्यापायी अटक करावयास लोक आले असता पिप तापाने बेशुद्ध पडतो. जो येऊन त्याची शुश्रूषा करतो, मात्र प्रकृती सुधारू लागताच पुन्हा ‘सर’ म्हणू लागतो, आणि एके सकाळी, मोठेपणी शिकलेल्या अक्षरांत चार ओळी लिहून, न सांगता निघून जातो. चिठ्ठीसोबत त्या कर्जाच्या फेडीची पावती असते.

ज्या कर्जाचा दस्तऐवज होता ते असे फिटले. ज्याचा कागदच कधी झाला नव्हता, त्याची फेड करण्यासाठी पिपला जोच्या दारी जाऊन क्षमा मागावी लागली. तेवढे तरी त्याच्या भाग्यात होते. माझ्या चुलत्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली, आणि ‘काका, मला अरे म्हणा’ एवढे चार शब्द सांगावयाचे राहिले ते राहिलेच. ज्यांचे असे माणूस अद्याप हयात आहे, त्यांनी ते आजच सांगून टाकावेत.